एकोणीसशे ऐंशीची पोच

१

फॅक्सच्या कागदावरची नक्षी दादासो काळेलांनी याआधी पाहिली होती, आणि तीही दुसऱ्याच्या खुंटीला टांगलेली.

कागद जर्मनीहून आला होता. पोवई नाक्यावरच्या एसटीडी बूथवाल्याने तो पळत आणून दिला, कारण परदेशी कागद आणला की संस्थेत चहा मिळतो हे त्याला ठाऊक होतं. काळ्या घोंगडीवर एक पांढरी पट्टी, मध्येच मोडलेली, परत सरळ झालेली, घाटातल्या रस्त्यासारखी. खाली हेल्गाबाईंचं इंग्रजी. प्रियदर्शनीनं ते वाचून मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, हे चित्र आम्ही ई-मेलनं कधीच पाठवलंय. पत्र मिळाल्याची तुमची पोचही आमच्याकडं आहे. मग नमुन्याची घोंगडी का आली नाहीत? आता आली नाहीत तर आम्ही दुसरीकडं बघू." तिनं कागद खाली ठेवला. "पण आबा, आपल्याला असलं काही आलेलंच नाही."

आबा म्हणजे दादासो. बिरोबा घोंगडी संस्थेचे चेअरमन. खटाव-माणच्या माळावरच्या वाड्यावस्त्यांतून बाया लोकर कातायच्या, विणकर घोंगडी विणायचे, आणि साताऱ्यातल्या या दोन खोल्यांतून ती बाहेर जायची. तीन वर्षांपूर्वी दादासोंनी इथं कंप्यूटर आणला. तेव्हापासून लग्नकार्यात कुणी कसा आहेस विचारलं तरी त्यांचं उत्तर कंप्यूटरपाशीच येऊन थांबायचं.

आत्ता मात्र त्यांना कंप्यूटर सुचत नव्हता. "ही घोंगडी म्या गेल्या आठवड्यात सांगलीत बघितलीया," ते म्हणाले. "रविराजला भेटून येताना. गणपती पेठेत बसाप्पा शेटच्या पेढीवर. हीच पट्टी, असाच मोडलेला रस्ता."

सेक्रेटरी बाळासो टेबलापलीकडून उठला. तो कधी घाईनं उठत नसे, आज उठला. "आबा, पत्र आलं. पोच गेली. चित्र सांगलीला पोचलं. आन् हितं कंप्यूटर कोन चालवतं?"

मग दोघं प्रियदर्शनीकडे बघायला लागले.

२

कंप्यूटरवर पत्र कसं येतं ते दादासोंना त्यांच्या पद्धतीनं समजलेलं होतं. लांब कुठल्या तरी शहरात संस्थेची एक टपालपेटी आहे. साताऱ्याच्या पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या अंजना मॅडमनी एक प्रोग्रॅम लिहून दिलाय. प्रियदर्शनी सकाळी फोन जोडते, प्रोग्रॅम तारेवरून त्या पेटीपर्यंत जातो, पत्रं काढतो, चित्रं वेगळी करून ठेवतो, पेटी रिकामी करतो आणि येता येता पाठवणाऱ्याला पोच देतो. ही पोच दादासोंच्याच हट्टानं आली होती. पत्र मिळालं की मिळालं म्हणून सांगायची माणसाची रीत असते, मशीननं का सोडावी, असं ते म्हणाले होते.

हेल्गाबाईंचं पत्र आलं त्या पंधरवड्यात नाक्यावरचा रस्ता खणताना केबल तुटली होती आणि ऑफिसचा फोन मुका होता. बाळासोच्या मते यानं तर गोष्ट पक्कीच झाली. फोन बंद, म्हणून पोरीनं बाहेरून कुठून तरी पत्र काढलं, चित्र विकलं आणि वर साळसूदपणे म्हणते, आलेलंच नाही.

पोलिसांत जायच्या आधी आपल्यात विचारावं, म्हणून दादासोंनी वडूजच्या सभासदांना बोलावलं. कंप्यूटरमधलं कळतं म्हणून सांगलीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या लेकाला, रविराजलाही बोलावलं. आणि घरून येताना हरणाबाईंकडून, म्हणजे बायकोकडून, देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याची पितळी डबी मागून घेतली. बिरोबाच्या नावानं भंडारा उचलला की खोटं बोलणाऱ्याची जीभ अडते, ही त्यांची लहानपणापासूनची खात्री होती.

पहिल्यांदा बाळासोनं चिमूट उचलली. मग म्हाताऱ्या तात्याबा विणकरानं, ज्यानं आयुष्यात कंप्यूटरला हातसुद्धा लावला नव्हता. मग स्वतः दादासोंनी. रविराजनं झटकन बोटं घातली आणि भराभर बोलून टाकलं, "मी संस्थेचं काय चोरलेलं न्हाई." कपाळाला लावताना थोडा भंडारा त्याच्या शर्टावर सांडला.

डबी प्रियदर्शनीपुढं आली. तिनं हात मागेच ठेवले.

"मी उचलणार नाही, आबा."

"का गं?"

"आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कुणी देवाची शपथ घेत नाही. मी घेतली तर तीच खोटी होईल. मी नुसतं सांगते. ते पत्र मी बघितलेलं नाही."

दादासोंना हे माहीत नव्हतं असं नाही. तिच्या लहान भावाच्या, प्रबुद्धच्या, लग्नात ते रहिमतपूरला विहारात मांडी घालून बसले होते, खीर खाऊन आले होते. पण भरल्या खोलीत सगळ्यांच्या कपाळाला पिवळं लागलेलं आणि एकटीचं कपाळ कोरं, हे दिसल्यावर माणसाची अक्कल कुठं जाते कोण जाणे. मागून कुणी तरी म्हणालं, "खरं असतं तर उचललं असतं की." आणि तीन वर्षं जिनं या माणसाचा कागद न् कागद सांभाळला, तिच्यापुढं त्यानं हात पसरला आणि म्हणाला, "ऑफिसची किल्ली दे."

तिनं किल्ली दिली. तिच्याकडची, प्रोग्रॅमची फ्लॉपीही टेबलावर ठेवली. दारापाशी थांबून एवढंच बोलली, "पोलिसांत जायच्या आधी अंजना मॅडमना बोलवा. प्रोग्रॅम त्यांचा आहे. त्याला विचारतील त्या."

३

अंजना मॅडम लुनावरून आल्या. डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी आणि गालात लवंग. त्या मूळच्या वाईच्या. बोलायच्या आधी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायची त्यांची सवय होती, आणि ती सरकायला लागली की वर्गातली पोरं सरळ बसायची म्हणे.

"चहा नको," त्या म्हणाल्या. "जर्मनीच्या बाईंना जी पोच मिळाली, तिची जशीच्या तशी प्रत मागवून घ्या. वरच्या तारीखवारासकट. मशीन सुरू करा."

रविराज लगेच पुढं झाला. बटण दाबलं, आणि पडदा उजळायच्या आतच कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर बोट ठोकून मोकळा झाला. पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही. दादासोंना कौतुक वाटलं. प्रियदर्शनी नुसती बसून वाट बघायची, हा कसा सफाईनं हात चालवतो.

"रोज बसतोस वाटतं मशीनवर?" अंजना मॅडमनी विचारलं.

"व्हय. म्हंजे हो. सिद्धू म्हणून मित्र आहे माझा, त्याच्या मामांकडं जुनं मशीन आहे. तिथं सराव करतो."

मॅडमची लवंग या गालातून त्या गालात गेली.

मग त्यांनी बाळासोला बसवून घेतलं. बाळासोनं दोनदा सांगितलं की त्याला कंप्यूटरातलं ओ का ठो कळत नाही, आणि तिसऱ्यांदा सांगितलं की त्याची पुतणी सोनम कंप्यूटरचा कोर्स करून घरी बसलेली आहे.

"जागा रिकामी झाली म्हणायची," मॅडम म्हणाल्या.

बाळासो कानापर्यंत तांबडा झाला. "मॅडम, म्या भंडारा उचललाय!"

"उचललात ना. मी कुठं काय म्हणाले?"

दुसऱ्या दिवशी रविराज सांगलीला परत गेला आणि हेल्गाबाईंचं उत्तर आलं. पोच त्यांना लवकर सापडली नव्हती, कारण ती त्यांच्या सगळ्या पत्रांच्या तळाशी, सगळ्यात जुनी म्हणून जाऊन बसली होती. मजकूर तोच, संस्थेचा: आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत. वरची तारीख मात्र होती एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

बाळासो हसला. "ऐंशी साली आमची संस्था तरी हुती का? मशीनला खूळ लागलंया."

अंजना मॅडम हसल्या नाहीत. इथल्या पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ त्यांनी बघितलं. तारीख बरोबर होती, एकोणीसशे नव्याण्णव. मग दादासोंना घेऊन त्या राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत गेल्या, कारण पोरगी तिथंच जात असणार असं बाळासो छातीठोकपणे सांगत होता. मॅडमनी तिथं कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक नजर टाकली आणि बाहेर आल्या.

"हितं न्हाई?" दादासोंनी विचारलं.

"इथं नाही."

"काय न्हाई, ते तरी कळूं द्या की बाई!"

"रहिमतपूरला जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण चला. तुम्ही यायलाच पाहिजे."

४

दादासोंच्या मनात जायचं नव्हतं. पोरीच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं तर अजूनही पोरगीच चोर निघावी अशी त्यांची इच्छा होती. ती चोर निघाली तर त्यांचं तोंड शाबूत राहणार होतं. एसटीच्या खिडकीशी बसून त्यांनी हे स्वतःशी कबूल केलं आणि मग स्वतःचाच राग येऊन रस्ताभर बाहेर बघत राहिले.

दार बाळाबाईंनी, तिच्या आईनं उघडलं. त्यांनी खाटेवर चादर टाकली, पाणी आणलं.

"आवं, पोरगी घराभाईर पडत न्हाई," त्या सरळ दादासोंना म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, तो चढा असता तर बरं झालं असतं. "नळावर गेलं की बाया गप हुत्यात. आमी लोकाची सुई कवा उचलली न्हाई. तुमी तर आमच्यात जेवून गेलाय."

दादासो पाण्याचा पेला हातात धरून बसले.

प्रियदर्शनी आतून आली. दादासोंकडं न बघता अंजना मॅडमसमोर बसली.

"पोच तू पाठवलीस?"

"मला पाठवताच येत नाही, मॅडम. ती प्रोग्रॅम स्वतः पाठवतो. त्यानं पत्र काढलं की पोच जाते, नाही काढलं तर जात नाही."

"पासवर्ड कुणाकुणाला सांगितलास?"

"मला तोच ठाऊक नाही. तुम्ही तो प्रोग्रॅमच्या आतच घालून दिलाय."

मॅडमची लवंग थांबली. "खरंच की. मी नको म्हणत होते. पण चेअरमनसाहेब म्हणाले, कोण लक्षात ठेवत बसणार, घालून टाका आत."

दादासोंना ते चांगलं आठवत होतं. तेव्हा त्यांना तो शहाणपणा वाटला होता. देवाच्या दाराला कुठं कुलूप असतं, असंही ते वर बोलले होते.

"म्हणजे पासवर्ड कुणी फोडला नाही, कुणी विकला नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्या हातात फ्लॉपी, त्याच्या हातात पेटी. फ्लॉप्या किती आहेत?"

"दोन. माझ्याकडची मी त्या दिवशी टेबलावर ठेवली. दुसरी आबांच्या कपाटात असते. त्या कपाटाची किल्ली आबांच्या करगोट्याला आहे."

आता ती पहिल्यांदाच दादासोंकडं बघत होती.

५

साताऱ्याला परत येईपर्यंत दादासोंनी मनातल्या मनात बाळासोला फाशी दिली होती. कपाट उघडताना त्यांचा हात जोरात होता. आत संस्थेचा शिक्का होता, जुन्या घोंगडीचा नमुना होता, आणि फ्लॉपीचं कागदी पाकीट होतं.

पाकीट रिकामं होतं.

"बाळासो!" अशी हाक त्यांच्या तोंडापर्यंत आली, आणि तिथंच अडकली. कारण रिकामं पाकीट हातात घेतल्यावर त्या हाताला काही तरी आठवलं.

वडूजचा एसटी स्टँड. रविराज सुट्टी संपवून सांगलीला निघाला होता. हरणाबाईंनी दशम्या फडक्यात बांधून दिल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी दिली होती. गाडी लागल्यावर दादासोंनी खिशातून ती काळी चौकोनी फ्लॉपी काढली आणि फडक्याची गाठ सोडून दशम्यांवर ठेवली. "ने. तुझ्या मास्तरला दाखव. म्हणावं, आमच्या धनगरांच्या संस्थेत जर्मनीची पत्रं येत्यात." पोरगा लाजून हसला होता. गाडी गेल्यावरही दादासो कितीतरी वेळ रुबाबात उभे होते.

त्यांना ती पेटीची किल्ली वाटलीच नव्हती. नवी सून घरात आली की वाड्यावरच्यांना दाखवावी, तशी त्यांनी संस्था दाखवायला दिली होती.

"सापडली?" दारातून अंजना मॅडमनी विचारलं.

दादासोंनी पाकीट कपाटात सरकवलं. "न्हाई. असंल कुठंतरी. कोनी नेली काय म्हाईत."

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. ज्या माणसानं आठ दिवसांपूर्वी सगळ्यांना भंडारा उचलायला लावला, तो आपल्याच कपाटापुढं उभा राहून धडधडीत खोटं बोलला होता. रहिमतपूरला एक पोरगी घरात बसली होती हे ठाऊक असून बोलला होता. उद्या सांगू, पोराला आधी विचारू, असं काहीबाही त्यांनी मनाला सांगितलं.

दुसरा अख्खा दिवस ते गप्प राहिले. त्या दिवशी बाळासोनं पोलिसात द्यायचा अर्ज लिहून आणला. दादासोंनी तो वाचला. प्रियदर्शनी बनसोडे हे नाव त्यात दोन ठिकाणी होतं. सही करतो म्हणाले नाहीत आणि करत नाही असंही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी अंजना मॅडम आल्या. अर्ज उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या सांगलीला जाऊ. बसाप्पा शेटची घोंगडी मला बघायचीय."

६

कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आयर्विन पूल आला, तरी दादासोंनी तोंड उघडलं नाही. मॅडमनीही काही विचारलं नाही. कदाचित त्या वाट बघत होत्या.

गणपती पेठेत हळदीचा वास भरलेला होता. बसाप्पा शेट गादीवर बसले होते. भिंतीवर ती घोंगडी होती आणि कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, एक जुना कंप्यूटर. शेजारी टेलिफोन.

"या या," दादासोंनी नाव सांगताच शेट उठले. "आमच्या रविराजचे वडील की हो तुम्ही! सिद्धू भाचा माझा. पोरं दोघं इथंच बसतात संध्याकाळी. हुशार हो पोरगा तुमचा, लई हुशार."

"हे मशीन जरा सुरू करू का?" अंजना मॅडमनी विचारलं.

शेटना काहीच वावगं वाटलं नाही. मॅडमनी बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ आली आणि मशीन तिथंच अडून बसलं. मॅडमनी कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीतल्या एका बटणावर बोट ठोकलं, तेव्हा ते पुढं गेलं. हे बटण आणि हे ठोकणं दादासोंनी आधी पाहिलं होतं. मग कोपऱ्यात घड्याळ उगवलं. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"मशीनच्या पोटात घड्याळापुरता एक सेल असतो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तो मेला की मशीन बंद केल्यावर सगळं विसरतं. उठलं की अडतं, ते बटण दाबेपर्यंत हलत नाही, आणि घड्याळ आपल्या जन्मतारखेवर, असल्या सगळ्या मशीनची गणती जिथून सुरू होते त्या ऐंशी सालावर, जाऊन बसतं. जी पोच इथून जाईल तिच्यावर ऐंशी सालच पडणार. तुमच्या ऑफिसचा फोन बंद होता, म्हणून पत्र तिथून निघालं नाही. सायबर कॅफेतली घड्याळं बरोबर होती, म्हणून तिथूनही नाही. पासवर्ड कुणाला माहीतच नव्हता, म्हणून फ्लॉपी हवी. आणि ऑफिसच्या धडधाकट मशीनवर ज्याचं बोट गरज नसताना त्या बटणावर जातं, तो रोज अशाच आजारी मशीनवर बसत असणार. पहिल्याच दिवशी मला शंका आली होती, दादासो. फक्त फ्लॉपी इथं कशी आली, ते कळत नव्हतं."

चित्रांच्या कप्प्यात ते एकच चित्र होतं. मॅडमनी उघडलं. मोडलेला रस्ता पडद्यावर आला, फॅक्सवर काळापांढरा होता तो इथं रंगात.

"हेच की!" बसाप्पा शेट खुशीत म्हणाले. "तुमच्या रविराजनंच दाखवलं. म्हणाला, बघा मामा, आमच्या संस्थेला जर्मनीहून कसली चित्रं येतात. मला आवडलं, मी माझ्या विणकराकडून एक विणून घेतली. का हो? काही चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं, निदान त्या माणसाचं नव्हतं. चोरी झालेलीच नव्हती. दादासोंनी दशम्यांच्या फडक्यात बांधून आपणच आपलं गुपित सांगलीला पाठवलं होतं.

"फ्लॉपी म्या दिली," ते मॅडमना म्हणाले. "परवाच ध्यानात आलं. सांगितलं न्हाई."

मॅडम त्यांच्याकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. रविराज आत आला, बापाला बघितलं, पडद्याला बघितलं, आणि दाराशीच उभा राहिला.

"मला वाटलं, नुसतं बघितल्यानं काय जातंय," तो म्हणाला. "पत्र तिथंच राहील, प्रियदर्शनीताई सकाळी काढतील. पेटी रिकामी होते हे मला ठाऊक नव्हतं, आबा. ऑफिसात बोलवलंत, त्या दिवशी ध्यानात आलं. सांगणारच होतो. पण तुम्ही डबी पुढं केली, सगळे उचलत होते. चोरलं न्हाई, हे तर खरंच होतं. म्हणून उचलला."

"आन् ती पोरगी?"

रविराज रडायला लागला. दादासोंचा हात उठला होता. तो तसाच खाली आला, कारण मारायला लागले असते तर सुरुवात कुणापासून करायची, हा प्रश्न होता.

७

दादासो पुन्हा रहिमतपूरला गेले, यावेळी एकटे. किल्ली पुढं केली आणि म्हणाले, "बाई, चुकलो." प्रियदर्शनीनं किल्लीला हात लावला नाही.

"आबा, चोर मी घरात ठरले नव्हते. तिथं ठरले होते, सगळ्यांसमोर."

म्हणून सभा परत भरली. तीच खोली, तीच माणसं. अंजना मॅडम मागं बसल्या होत्या. बाळासोनं पुतणीचं नाव काढलं नाही. रविराज भिंतीशी उभा होता, त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. प्रियदर्शनी आईला घेऊन आली आणि त्या दिवशीच्याच जागी बसली. हेल्गाबाईंची ऑर्डर राहते की जाते ते अजून कळायचं होतं. तात्याबानं नमुना मागावर चढवला होता, पण त्या दिवशी त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

दादासो उभे राहिले. घरून निघताना त्यांनी पितळी डबी परत मागून घेतली होती. हरणाबाईंनी ती न बोलता दिली होती. पोरीची बाजू मांडायची तर तीही देवासमोर, पक्की, कुणी मागून संशय घेऊ नये अशी, हे त्यांनी रात्रभर घोकलं होतं. त्यांनी झाकण काढलं आणि चिमटीत भंडारा घेतला.

"नको, आबा."

प्रियदर्शनी बसल्या जागेवरून बोलली होती. आवाज शांत होता.

"शपथ नको. नुसतं सांगा. मी पण त्या दिवशी नुसतंच सांगितलं होतं."

दादासोंनी चिमूट परत डबीत सोडली. बोटांना पिवळं लागलं होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं, आणि आता हातात धरायला काहीच उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना देवाशिवाय, नुसत्या आपल्या जिभेवर उभं राहून खरं बोलायचं होतं. ते किती अवघड असतं हे त्यांना तेव्हा कळलं. या पोरीनं ते भरल्या खोलीत, एकटीनं, एका दमात केलं होतं.

"पत्र माझ्या लेकानं काढलं," ते म्हणाले. "फ्लॉपी त्याला म्या दिली, मोठेपणासाठी. ह्या पोरीनं काय केलेलं न्हाई." ते थांबले. इथं बसता आलं असतं, लोकांना एवढंच पुरे होतं. पण बाळाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. "आन् आजून एक हाय. फ्लॉपी कुठं गेली ते मला कळल्यावर म्या आख्खा दिवस गप बसलो. ती घरात कोंडून बसलीया हे ठावं असताना गप बसलो. त्या दिवशी चोर मी हुतो."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि वाट बघत उभे राहिले. बाळाबाईंनी लेकीकडं बघितलं. प्रियदर्शनी उठली, किल्ली घेतली, मशीनवरचं कापड काढून घडी घातली आणि बटण दाबून, हात मांडीवर ठेवून, पडदा उजळायची वाट बघत बसली.